अष्टरचा वाफा

नाथषष्ठीला पैठणला गेलेलं माणूस काल्याचा प्रसाद घेतल्याशिवाय परतत नाही, या भरवशावर आशानं सप्तमीच्या सकाळी कुदळ हातात घेतली होती. सासूबाई अष्टमीला संध्याकाळच्या एसटीनं येणार. नवरा बन्सी पहिल्या पाळीला वाळूजला गेलेला; कंपनीची बस त्याला चारच्या पुढंच सोडणार. म्हणजे दीड दिवस हातात होता. बेत अगदी चोख होता. फक्त द्वारकाबाईंना तो कुणी सांगितला नव्हता.

उस्मानपुऱ्यातल्या घराच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडं, पंधरा हात लांबीचा तो वाफा. एके काळी दसऱ्यापासून पार दिवाळीच्या पुढंपर्यंत त्यावर पिवळ्या डोळ्याची जांभळी फुलं इतकी यायची, की शाळेत जाणाऱ्या पोरी भिंतीवरून हात घालायच्या आणि द्वारकाबाई आतूनच ओरडायच्या. झाड अ‍ॅस्टरचं, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या जातीचं. घरात आणि गल्लीत सगळे त्याला अष्टर म्हणत. दरवर्षी वरचं सगळं वाळायचं आणि खालून नवे फुटवे यायचे.

गेल्या तीन वर्षांत मात्र वाफ्याला मधोमध टक्कल पडलं होतं. मधे नुसती कोरडी लाकडं, कडेला चार हिरव्या काड्या, त्यांच्याही पानांवर पांढरी भुरी. थोरले दीर काकासाहेब यांनी औषध आणून फवारलं. नणंद सरूनं नवस बोलून पाहिला. द्वारकाबाईंनी शेणपाण्याच्या घागरीच्या घागरी ओतल्या, त्याही नेमक्या टकलावर. गेल्या दिवाळीला सगळ्या वाफ्यात मिळून ओंजळभर फुलं निघाली.

उपाय आशाला ठाऊक होता. तिचं नवीन लग्न झालेलं, ब्याऐंशी साल. सासूबाई षष्ठीला पैठणच्या गाडीत बसल्या आणि तासाभरात सासरे, आप्पासाहेब, धोतराचा काचा मारून कुदळ घेऊन मागच्या अंगणात हजर. सबंध वाफा त्यांनी उकरला. प्रत्येक ठोंब वर काढून मधलं म्हातारं लाकूड फेकलं, कडेचे कोवळे, मुळं धरलेले फुटवे तेवढे वेगळे केले आणि शेणखत कालवून हातहात अंतरावर परत लावले. आशानं दोरी धरली, पाणी घातलं. संध्याकाळी त्यांनी तिला देवापुढं नेऊन शपथ घेववली. "तुझ्या सासूला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. माझ्या जिवाचं काय बरंवाईट झालं तरी."

बरंवाईट पंच्याऐंशीच्या माघात झालं. त्यानंतर दोन वर्षं द्वारकाबाई कुठं गेल्याच नाहीत, तिसऱ्या वर्षी गुडघे धरले. यंदा त्या पहिल्यांदा पैठणला निघाल्या, आणि आशानं आदल्या दिवशीच कुदळीचा दांडा पाचर मारून पक्का करून ठेवला होता.

साडेनऊ वाजेतो बारा ठोंब वर आले होते. फुटवे ओल्या पोत्याखाली झाकलेले होते. आशाच्या पाठीला रग लागली होती आणि तिला फार बरं वाटत होतं, कारण पोत्याखालची मुळं पांढरी आणि जिवंत होती. वाफा मेलेला नव्हता, नुसता गुदमरला होता. मधला सगळ्यांत मोठा ठोंब तिनं शेवटाला ठेवला होता. त्याच्यावर घाव घालण्याआधी घोटभर पाणी प्यावं म्हणून ती वळली, तर मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्यांच्यामागं सरू होती, हातात पिशवी. सरूच्या दिराची जीप औरंगाबादला येत होती, फुकट जागा होती, आणि द्वारकाबाईंना यंदा तिथं करमत नव्हतं. आप्पासाहेब होते तेव्हा काला झाल्याशिवाय यायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद असायची. यंदा ताकीद द्यायला कुणी नव्हतं.

*

द्वारकाबाई ओरडल्या नाहीत. वाफ्याला लोखंड लावायचं नाही, हा त्यांचा अडतीस वर्षांचा कायदा होता. तण हातानं उपटायचं, वाळलेल्या काड्या हातानं मोडायच्या, खत वरून टाकायचं. विळा, खुरपं, कुदळ यांतलं काही त्या मातीला लागता कामा नये. आता त्या मातीत कमरेएवढी कुदळ उभी होती आणि जागोजाग खड्डे होते. त्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसल्या.

हा वाफा त्यांच्या पहिल्या लेकीचा होता. पोलीस अ‍ॅक्शननंतर आप्पासाहेबांना बागखात्यात कारकुनी मिळाली, त्यांनी गावाबाहेर माळावर ही जागा घेतली, आणि पुढच्याच वर्षी अकरा महिन्यांची गोदू माहेरी पैठणला तापानं गेली. गोदाकाठी तिला माती दिली. द्वारकाबाई या घरी परतल्या त्या न बोलता, न जेवता. तेव्हा बागखात्यातले माळी चांदपाशा एका बंगल्यातून हे झाड घेऊन आले, आप्पासाहेबांनी ते लावलं आणि म्हणाले, "वरचं वाळलं तरी हे खालून येतं. हे मरायचं नाही. हे गोदूचं." द्वारकाबाईंनी त्या संध्याकाळी भाकरी खाल्ली होती. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला त्या वाफ्याशी दिवा ठेवत.

"काय केलंस गं हे?" त्यांनी विचारलं.

"उपटून परत लावायलेय, आत्याबाई."

"कुणाला इचारून?"

सरू पिशवी टाकून पुढं झाली. "अगं, दोन दिस घर तुझ्यावर टाकून गेलं तर ही कळा? गोदूताईचा वाफा हाय हा! आमच्या बाईचा जीव हाय त्याच्यात, तुला ठावं नाय व्हय?"

"ठाऊक आहे. म्हणूनच उकरला."

"म्हणूनच? वा गं वा!"

"ताई, आत्याबाई, मला काय बोलायचं ते बोला. संध्याकाळी बोला, उद्या बोला, पाहुणेरावळे जमवून बोला. पण ही मुळं उघडी पडलीत. दुपारच्या उन्हाच्या आत मातीत गेली नाहीत तर एक काडी वाचणार नाही. तेवढं मला करू द्या."

"कुदळ खाली ठेव," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई..."

"खाली ठेव म्हणलं ना. कुणी एक ढेकूळ हलवायचं नाय. सरू, वाण्याकडनं काकासाहेबाला फोन लाव. म्हणावं, असशील तसा ये."

आशानं मातीत उभी कुदळ काढून आडवी ठेवली. पोत्याची एक कड उन्हात आली होती, ती तिनं पायानं हळूच सावलीकडं सरकवली. द्वारकाबाईंना ते दिसलं. त्यांनी ती सरकवू दिली.

*

काकासाहेबांना निवाडे करायला आवडत. कचेरीत त्यांचं कुणी ऐकत नसे, त्यामुळं ती हौस घरच्यांवर भागवावी लागे. सिडकोतून स्कूटर दामटत ते आले, हेल्मेट काढलं, चहा मागवला आणि खड्ड्यांच्या कडेकडेनं एक फेरी मारली. फेरी मारताना त्यांना एक विचार सुचला, आणि तो इतका सोयीचा होता की त्यांचा राग अर्ध्या वाटेत विरघळला.

"आशा, चूक तुझीच आहे," त्यांनी सुरुवात केली. "विचारायला हवं होतं. मी होतो, बन्सी होता."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, दादा."

"अर्थात नाही म्हणालो असतो!"

"मग?"

काकासाहेब आईकडं वळले. "बाई, तू जिवाला लावून घेऊ नको. खरं सांगू का, हे झाड गेलंच होतं. मी औषध आणलं तेव्हाच दुकानदार म्हणाला, साहेब, ह्यात दम नाही. आता उकरलंच आहे तर... नाही म्हणजे, मी आपलं सुचवतो. जागा मोकळी झालीच आहे. पंधरा हात म्हणजे एक चांगली खोली निघते. आम्ही भाड्याच्या घरात किती दिवस काढायचे? मीही इथं येईन, तुझ्याजवळ राहीन. गोदूताईच्या नावानं दारात एक तुळस लावू. छान कट्टा बांधून."

काकासाहेबांनी हातानंच कट्ट्याची उंची दाखवली.

सरूला या वाफ्याचा लहानपणापासून राग होता. दिवाळीची पहिली फुलं गोदूच्या नावानं दिव्यापाशी जायची, आणि मग सरूच्या कपाळाला उटणं लागायचं. कधी न पाहिलेल्या बहिणीचा हेवा करणं वाईट, हे तिला कळायचं. पण हेवा वाटायचा तो वाटायचाच. आत्ता मात्र भावाच्या तोंडून 'मोकळी जागा' हे शब्द ऐकले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मोकळी?" ती म्हणाली. "दादा, तू काय निवाडा करायला आलास का जागा मोजायला?"

"सरू, तुला व्यवहार कळत नाही."

"मला सगळं कळतंय. आप्पा गेल्यापास्नं तुझी नजर ह्या अंगणावर हाय. औषध आणलंस ते तरी औषधच व्हतं का?"

"हे बघ, तोंड सांभाळून बोल!"

"मी नाय सांभाळत." सरू पाय आपटत नळाशी गेली, तांब्या भरून आणला आणि मघाशी जिला वाफा उकरल्याबद्दल झापलं होतं तिच्याच पोत्यावर सपासप पाणी मारलं. "आशा, अजून किती येळ तग धरंल हे?"

"बारापर्यंत. फार तर साडेबारा."

"बाई, लावू दे तिला. चुकली तर नंतर बघू. पण लावू दे."

द्वारकाबाईंनी थोरल्या लेकाकडं पाहिलं. तो नजर चुकवून कपात बघत होता. "खोली पायजे व्हय तुला?" त्या म्हणाल्या. "मी जित्ती हाय तोवर हितं वीट लागायची नाय. चहा झाला असंल तर कप मोरीत ठेव."

काकासाहेबांनी निमूटपणे कप मोरीत ठेवला. सदतिसाव्या वर्षीही आईनं असं सांगितलं की त्यांचे पाय आपोआप चालू लागत.

"आन तू," द्वारकाबाई आशाकडं वळल्या. "तुला कसं ठावं, ह्याला असं उपटून लावायचं असतंय ते?"

"आहे ठाऊक."

"कुणी शिकवलं?"

"माहेरी बघितलं होतं."

"तुझ्या माहेरी ज्वारीबिगर काय उगवत नाय. तुझ्या लग्नात हार बी आमीच नेले व्हते. खरं सांग, कुणी शिकवलं?"

आशानं खरं सांगितलं तर सासऱ्याला दिलेला शब्द मोडत होता, आणि शब्दाहून मोठी गोष्ट म्हणजे समोर बसलेल्या या बाईचं तिच्या नवऱ्याबद्दलचं मत मोडत होतं. नाही सांगितलं तर झाडं मरत होती.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

"मंग वाळू दे."

"आत्याबाई, हे गोदूताईचं आहे."

"मला नको सांगू कुणाचं हाय ते! अडतीस वर्सं ह्या मातीत नख लागू दिलं नाय मी. मालकांनी दिलं नाय. आन तू कालची आलेली, कुणाच्या तरी सांगण्यावरनं त्याची चाळण केलीस. नाव सांग, आन मंग लाव."

सूर्य भिंतीवर आला होता. आशानं पदर खोचला, पोतं बाजूला केलं आणि एक फुटवा उचलून खाली बसली.

"नाव सांगत नाही आणि लावायचं थांबवत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही रागवा. तुमचा हक्क आहे. मी लावते, तुमचं चालू द्या."

पहिला फुटवा मातीत गेला. तिनं दोन्ही तळव्यांनी माती दाबली. द्वारकाबाई दगडावरून उठायला निघाल्या, आणि तेवढ्यात मागच्या गल्लीचं दार कुरकुरलं.

*

चांदपाशा आता सत्तरीला आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनला ते भीत होते, त्यामुळं माणसं त्यांना अंगणाएवढ्या अंतरावरून नुसती पांढऱ्या-काळ्या डागांसारखी दिसत. आशानं त्यांना चार दिवसांपूर्वी निरोप धाडला होता. सासूबाई आल्यावर तो फिरवायला कुणाला धाडावं, तर माणूस नव्हतं. ते काठी टेकत, बगलेत स्वतःचं खुरपं धरून सरळ वाफ्याकडं आले आणि मातीचा वास घेऊन खूश झाले.

"क्या बेटी, अब्बी तक एकच लगाई? आप्पासाब होते तो इत्ते में दो कतारा पूरे हो जाते. और ये बीच का बुढ्ढा अब्बी उठायाच नै?"

"चाचा..." आशा घाईनं म्हणाली.

"घाबर मत. बहुत टैम है अपने पास. भाबी कल शाम कू आते ना? काला हुए बगैर नै आते वो. आप्पासाब वोच बोल को भेजते थे, काला करकेच आना. हर बार वैसाच. भाबी मोटर में बैठे की इधर कुदाल चालू." ते हसले. "कमर टूट जाती थी बेचारे की. मगर भाबी कू पता नै चलने दिया, मानना पड़ेगा."

सरूनं तोंडावर हात धरला होता. काकासाहेब मोरीपाशी उभे होते तिथंच राहिले. आशानं डोळे मिटून घेतले.

"चांदभाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "भाबी? या अल्ला. आप घर में हैं?"

"बसा."

ते होते तिथंच, वाफ्याच्या कडेला बसले.

"किती येळा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"भाबी, मैं तो..."

"किती येळा इचारलं मी."

चांदपाशांनी आशाच्या दिशेनं पाहिलं. तिथून मदत येण्यासारखी नव्हती. "बावन साल में पहली बार," ते हळूच म्हणाले. "फिर हर तीसरे साल, षष्ठी में. ग्यारह बार हुआ भाबी. ये झाड ऐसाच है. तीन साल जागा पे रहा की बीच में से मरने लगता. उठा को, फाड को, नयी जगा देना पड़ता. नै तो खतम."

अकरा वेळा. द्वारकाबाईंनी एकेक षष्ठी आठवायला घेतली. पंचावन्नला सरू पोटात होती, तरी यांनी हट्टानं पैठणला धाडलं होतं. एकसष्टला काकासाहेबाला गोवर, तरी म्हणाले, तू जा, मी बघतो पोराचं. काल्याचा प्रसाद घेऊनच ये. माणूस लई धार्मिक, असं त्या चार बायकांत सांगत आल्या होत्या. आणि परत आल्या की यांची कंबर धरलेली असायची. 'षष्ठीतच कशी हो धरते तुमची कंबर?' असं त्या विचारायच्या, आणि ते म्हणायचे, 'एकट्यानं झोपायची सवय नाही मला.' लाजून लाल होत त्यांनी त्या कंबरेला तेल चोळलं होतं. एकदा नाही, अकरा वेळा.

"मेल्या माणसानं," त्या म्हणाल्या, "माझ्याकडनं तेल चोळून घेतलं."

काकासाहेबांना हसू फुटलं. ज्या बापाच्या नुसत्या खाकरण्यानं घर चिडीचूप व्हायचं, तो कुदळ लपवत फिरत होता, हे त्यांच्या पचनी पडेना. आईनं पाहिलं तशी त्यांनी मान खाली घातली.

"आशाला बी त्यांनीच शिकवलं?"

"हौ. ब्याशी में. बच्ची का कुछ कसूर नै, भाबी. उसकू कसम दिए थे."

द्वारकाबाईंनी सुनेकडं पाहिलं. ती अजून गुडघ्यांवर होती, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. आपण मघाशी तिला काय काय बोललो ते द्वारकाबाईंना शब्दन् शब्द आठवलं, आणि ही पोर नुसती ऐकत राहिली, तेही आठवलं. पण त्यांच्या मनात दुसराच एक प्रश्न उभा राहिला होता. तो विचारायची भीती वाटत होती, आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"चांदभाई, गोदूचं कोणतं मंग? तुमी आणलं व्हतं, मालकांनी पैल्यांदा लावलं व्हतं, ते यातलं कोणतं?"

चांदपाशांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"खरं सांगा."

"वो तो नै है अब, भाबी. वो बावन मेंच निकाल को फेके. बीच का लकडा फेकनाच पड़ता. उसके बाजू के बच्चे लगाए. फिर उन के बच्चे, फिर उन के. ये सब उसीच के हैं, मगर वो नै है."

छत्तीस वर्षं द्वारकाबाई तिन्हीसांजेला जिच्यापाशी दिवा ठेवत होत्या, ती तिथं नव्हतीच. त्या अगदी लहान पोरीसारख्या रडल्या, तोंडाला पदर न लावता, सगळ्यांच्या देखत. सरू धावत जाऊन त्यांच्याशी बसली.

"पहली बार आप्पासाब भी बहुत रोए," थोड्या वेळानं चांदपाशा म्हणाले. "वो लकडा हाथ में ले को इधरच बैठे रहे. मैं बोला, आप्पासाब, भाबी कू बोल देव. छुपाना अच्छा नै. बोले, नक्को चांद. उससे सहन नै होता. वो टूट जाएगी."

द्वारकाबाईंनी मान वर केली.

"काय म्हणाले?"

"सहन नै होता बोले. आप कू."

द्वारकाबाईंचं रडू थांबलं. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, सरूचा खांद्यावरचा हात बाजूला केला आणि उठल्या. गुडघा वाजला, तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून त्या वाफ्यात उतरल्या आणि कुदळ उचलली.

"बाई, मी करतो," काकासाहेब पुढं झाले.

"तू बाजूला हो. आशा, कसं घालायचं? मधी का कडंनं?"

"कडेनं, आत्याबाई. चारी बाजूंनी सैल करायचं, मग खालून उचलायचं."

मधल्या ठोंबावर पहिला घाव पडला. दुसरा. साठी उलटलेली बाई, पण हात शेतकऱ्याच्या घरचा होता. घाव नेमका बसत होता. चार घावांत ठोंब हलला. आशानं आणि सरूनं मिळून तो वर ओढला. द्वारकाबाईंनी त्याच्याशी उकिडवं बसून खुरप्यानं तो फाडला. कडेचे सहा-सात कोवळे फुटवे निघाले, ते त्यांनी एकेक करून सुनेच्या हातात दिले. हातात राहिलं ते मधलं लाकूड, काळं, पोकळ, वजनाला काहीच नाही. त्यांनी ते क्षणभर धरलं आणि कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलं.

"बारा वाजायला आले," त्या म्हणाल्या. "सरू, पाणी आण. काकासाहेब, शेणखताचं घमेलं इकडं. आशा, दोरी कुठं लावायची ते तू सांगायचं. आजपास्नं ह्या वाफ्याचं तूच बघायचं, मला बी इचारायचं नाय."

आशा मान हलवून दोरी ओढायला वळली.

पहिली ओळ पुरी झाली, दुसरी अर्ध्यावर आली. चांदपाशा कडेला बसून बोटांनीच प्रत्येक रोपाची माती चाचपत होते आणि 'ठीक', 'ठीक' म्हणत होते. द्वारकाबाई त्यांच्याजवळ आल्यावर थांबल्या. हात मातीनं भरले होते, डोळे अजून लाल होते.

"चांदभाई, गोदू गेली तवा हे हितं कचेरीत व्हते. दुसऱ्या दिशी आले. लेकराला शेवटची आंगूळ मी घातली. ह्या हातांनी. काजळ बी मी घातलं, आन भावाच्या हातात बी मीच दिली."

चांदपाशांनी पुढच्या खड्ड्यातली ढेकळं बोटांनी फोडली.

"आन म्हणाले, हिला सहन व्हायचं नाय." त्यांनी पुढचा फुटवा उचलला, खड्ड्यात सरळ धरला आणि मुळांवर माती लोटली. "रडले असते मी. लई रडले असते. पण कुदळ त्यांच्या हातात दिली नसती, मीच चालवली असती."